आठवा आठवडा

फोनवर सगळे आधी तेच विचारतात :
कधी नेता येईल?
टालिनहून विचारतात, पार्नूहून.
एका बाईने तर फेरीबोटीच्या रांगेत, गाडीत बसून विचारलं,
जणू मी पाव भाजायला टाकलेत
आणि भट्टीतून काढायची वेळ तेवढी सांगायची आहे.

मी सांगते, आठ आठवडे.
एक दिवस आधी नाही.

तुइस्क मार्चमध्ये व्याली,
खाडीवरचा बर्फ अजून हलला नव्हता.
सात पिल्लं. ओळख पटावी म्हणून
सातांच्या गळ्यात लोकरीचे दोरे बांधले,
आमच्या मुहू बेटावर आणखी काही नसेल, रंग आहेत :
नारिंगी, पिवळा, डोळ्यांत खुपेल असा गुलाबी.
दर तीन दिवसांनी दोरे सैल करायचे.
विसरलं तर चालत नाही.

दुसऱ्या आठवड्यात डोळे उघडतात,
तिसऱ्यात कान : चमचा पडला
आणि सातही जण आयुष्यात पहिल्यांदा दचकले.
मग दात येतात, आणि शाळा सुरू होते.
गुलाबी नारिंगीचा कान धरतो.
नारिंगी किंचाळतो, खेळ मोडून
चुलीमागे जाऊन बसतो.
गुलाबी एकटा.
बराच वेळ एकटा.
मग पुन्हा जाऊन तोच कान धरतो,
या वेळी जरा हलक्याने.

किती चावलं की दुखतं
हे माणसाला शिकवता येत नाही. ते भावंडांचं काम.
उरलेलं आई शिकवते, दूध तोडताना,
नुसता ओठ वर करून.

एकदा मी ऐकलं नाही स्वतःचं.
एंडेलची बायको गेली त्या वसंतात
त्याला पाचव्याच आठवड्यात दिलं एक.
टेबलावर तो अजून दोन कप मांडत होता.
पिल्लाने जीव लावला, नाही असं नाही,
पण ते आनंदानेही रक्त काढायचं.
एंडेल हाताला फडकं गुंडाळून दुकानात यायचा,
म्हणायचा, काही नाही, माया आहे.
तेरा वर्षं म्हणत होता.

हेल्यू, तू फार कडक, असं लोक म्हणतात.
असेन.
मी चार वर्षांची होते. तोही मार्च.
ट्रक आला त्या रात्री मी मावशीकडे झोपले होते.
आईला नेलं, दोन्ही भावांना नेलं,
शिवणाचं मशीनही नेलं.
मी राहिले. नशीबवान म्हणाले, म्हणोत.
मावशी भली होती, अंगावर हात टाकला नाही कधी,
पण त्या घरात कान धरायला कुणी नव्हतं,
किंचाळून उठून जायला कुणी नव्हतं.
आठ वर्षांनी एक भाऊ परत आला.
दारात उभा राहून त्याने टोपी काढली,
पाहुण्यासारखी.

दोन नवरे झाले माझे.
दोघेही अबोल, सोसणारे.
दुखतंय असं
दोघांपैकी एकानेही सांगितलं नाही.

सत्तावन्नाव्या दिवशी ती बाई आली, केर्तू,
सोबत मुलगा, त्याला नारिंगीच हवा होता.
मी खोक्यात जुनं फडकं घातलं,
तीन रात्री तुइस्कच्या अंगाखाली ठेवलेलं.
म्हटलं, पहिल्या रात्री रडेल. खोकं पलंगाशी ठेवा.
आणि हे बघ, पोरा,
चावलं तर ओरडायचं.
खरं दुखल्यासारखं, मोठ्याने, आणि उठून जायचं.
चांगुलपणा करून गप्प बसू नकोस,
त्याला तो कळणार नाही.

किती वेळ जायचं? मुलाने विचारलं.

थोडाच वेळ, मी म्हटलं.
मग परत यायचं.
परत येणं महत्त्वाचं.

दोरा मी कापून ठेवून घेतला.
गाडी जुनिपरच्या झाडीआड वळली
तरी तुइस्क फाटकाशीच उभी होती,
मग आत आली, पाणी प्यायली,
आणि गुलाबीने तिची शेपटी धरली,
हलकेच.